लिस्बनच्या परसातला राब

माझ्या निरोपसमारंभात लोकांनी माझं पुढचं आयुष्य मला न विचारता ठरवून टाकलं. डॉक्टर म्हणाले, आता नातवंडं खेळवा. सरपंच म्हणाले, शेतीत लक्ष घाला. एका आशाताईने शाल पांघरता पांघरता कानात सांगितलं की तिच्या सुनेला सातवा लागलाय, वेळ आली की फोन करीन, तुमच्याशिवाय तिचा कोणावर भरवसा नाही. मी नारळ मांडीवर घेऊन बसले होते आणि डोकं तापत चाललं होतं.

सगळी नोकरी मी शहापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून काढली. पाड्यापाड्यांवर जाऊन बाळंतपणं केली, पोरांना डोस पाजले. बाजारात वांगी निवडत असले तरी कोणीतरी बाही वर करून पुरळ दाखवायचं. माझं नाव मालू आहे हे आमच्या सापगावात निम्म्या लोकांना माहीत नसेल, सगळ्यांची मी शिस्टर. लोक वाईट नव्हते. पण मला काही दिवस कोणी शिस्टर म्हणून हाक मारायला नको होती, एवढंच.

माइक हातात आल्यावर मी म्हणाले, "मी आता जिथं मला कोणी ओळखत नाही, कोणी हाक मारणार नाही अशा गावी जाऊन तीन महिने राहणार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे हे पहिल्या रांगेत होते, तेही हसले.

आमचा मुलगा पंकज मात्र हसला नाही. त्याने ते मनावर घेतलं. ठाण्याला ऑफिसात बसून तो युरोपातली शहरं धुंडाळत राहिला. खरं सांगायचं तर शहर आम्ही निवडलंच नाही, ते स्वस्ताईने निवडलं. गर्दीचा मोसम नसताना, एकाच ठिकाणी, एकाच म्हातारीच्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन महिने राहिलं तर लिस्बन परवडतंय, असं त्याने एका रविवारी येऊन सांगितलं. बाहेर जेवायचं नाही, टॅक्सी करायची नाही, तिकीट काढून काही बघायचं नाही. मला चालणार होतं. मला तिथं काही बघायचं नव्हतंच.

"तुमी येताय ना?" मी यांना विचारलं.

"येतो की," हे म्हणाले. व्हिसा मिळणार नाही याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांनी फोटोसाठी दाढीसुद्धा नीट केली नाही. व्हिसा मिळाला. त्या दिवशी जेवताना त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "राबाच्या टायमाला परत येऊ ना?"

"नाय," मी म्हणाले.

आमच्याकडे भाताचं रोप करायच्या जागी आधी राब भाजतात. उन्हाळा लागायच्या सुमाराला झाडांचा टहाळ तोडायचा, वाळला की वाफ्यावर शेण, टहाळ, वाळल्या पानांचा पातेरा, गवत असे थर द्यायचे, वरून बारीक माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. मग आग धावत नाही, रमतगमत चालते आणि जमीन खोलवर भाजते. आमचं शेत मुरबाडच्या बाजूला आहे, ते माझा दीर वाळू बघतो. पण राब पेटवायचा तो थोरल्यानेच, म्हणजे यांनीच. आणि राब कधी एकट्याने भाजत नाहीत. एकजण पेटवतो आणि दुसरा वाऱ्याच्या तोंडाला हिरवी डहाळी घेऊन उभा राहतो, आग बांधाबाहेर पडली तर झोडपून विझवायला. लग्न झाल्यापासून ती डहाळी माझ्या हातात आहे. बाळंतपणाचा निरोप आला तरी राब विझेपर्यंत मी हलायची नाही. बाळंतीण जरा थांबते, आग थांबत नाही.

यांचं नाव कमळू. हे रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून उंबरमाळीच्या बाजूचा ठरलेला रूळ रोज पायी तपासायचा, रूळ घट्ट धरणारी चावी ढिली झालेली दिसली की ठोकून बसवायची, हे काम. निवृत्त झाले तरी पायांची भिंगरी तशीच राहिली. घरात बसले की हे गुडघा हलवत बसतात आणि मांडीवरचं ताट वाजतं. अशा माणसाला मी एका खोलीत तीन महिने ठेवायला निघाले होते.

फेब्रुवारीत आम्ही पोचलो. घर चढावर होतं. तिथं सगळंच चढावर आहे. खाली घरमालकीण राहायची, इर्मेलिंदाबाई, पंचाहत्तरीच्या पुढची, विधवा, कायम काळा स्वेटर. मागच्या दाराशी तिचं परस होतं. त्यात एक लिंबाचं झाड, द्राक्षाचा एक वेल आणि लांब पानांच्या कोबीचे वाफे. तिच्या आणि शेजारच्या परसाच्या मधे वाळक्या बोरूचं, तारांनी बांधलेलं कुंपण होतं. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. पंकजने फोनमध्ये भाषांतर करणारी एक बाई भरून दिली होती. आम्ही बोललेलं ती पोर्तुगीजमध्ये सांगायची आणि इर्मेलिंदाबाईचं मराठीत, सगळं एकाच थंड आवाजात.

मला ते शहर पहिल्याच दिवशी आवडलं. रस्ते, चर्च, ते सगळं ठीकच होतं. पण मी बाजारात गेले, बटाटे घेतले, पाव घेतला, आणि कोणी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. मी रोज सकाळचं आवरून उतारावरून नदीपर्यंत चालत जायचे आणि एका बाकावर बसायचे. एकदा शेजारी एक बाई येऊन बसली. तिच्या पावलांवर सूज होती, बोट दाबलं असतं तर खड्डा पडला असता. मी ती सूज बघितली आणि तोंड नदीकडे फिरवलं. कोणाची सूज बघून काहीच न करण्यात इतका आराम असतो हे मला माहीत नव्हतं. मी तासभर तिथं बसले आणि मला अगदी हलकं वाटलं.

यांचं मात्र सगळं उलटं चाललं होतं. उठल्या उठल्या विचारायचे, "तिकडं आता किती वाजलं असतील?" मी सांगायचे. मग म्हणायचे, "म्हणजे वाळू शेतावरना आला असंल." चहा पिताना या खिडकीतून त्या खिडकीकडे, त्या खिडकीतून दाराकडे. मी म्हणायचे, "अवो, बसा की जरा." बसले की गुडघा हलायला लागायचा. मग मीच म्हणायचे, जा बाबा, फिरून या.

फिरायला गेले की ट्रामच्या रुळांमागे जायचे. तिथं गल्लीगल्लीतून पिवळ्या ट्राम चढतात. हे खाली वाकून सांधे बघायचे, बुटाच्या टाचेने ठोकून आवाज ऐकायचे. एकदा ट्रामच्या ड्रायव्हरने घंटा बडवून बडवून यांना बाजूला केलं. घरी येऊन मला म्हणाले, "रूळ बरा ठेवलाय. पन वळणावर झिजलाय." कोणाला सांगणार होते ते? ज्याला सांगायचं तो माणूस तिथं कोण होता यांचा?

संध्याकाळी वाळूला फोन. टहाळ तोडला का, ऐनाचा तोडला का, पातेरा कोण गोळा करतंय. वाळू बिचारा सांगायचा, "दादा, तुमी फिरा की मजेत. आमी करू ना इकडचं." ते ऐकलं की यांचा चेहरा पडायचा. 'आमी करू' हे त्यांना सोसवत नव्हतं. फोन ठेवला की तेच ऐकायला यायचं.

"चल गो घरी. बघून झालं की समदं."

"मी बघायला आलेय का? राहायला आलेय," मी म्हणायचे. "हे माझे तीन महिने हायेत. जन्मात पहिल्यांदा मागितलेत."

"मंग मी काय नाय बोल्लो?"

"रोज बोलताय."

मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकदम आलं की राग जिंकायचा. सगळ्या बदल्यांमध्ये, सगळ्या रात्रपाळ्यांमध्ये या माणसाने मला कधी अडवलं नाही, हे मला कबूल होतं. पण आता मला माझे दिवस पुरे हवे होते. एकही दिवस कमी नको होता.

मार्च लागला आणि हे एकाएकी शांत झाले. इर्मेलिंदाबाईने वेल छाटला होता, त्या काटक्या परसात पडल्या होत्या. हे रोज खाली जाऊन त्या गोळा करायला लागले. लिंबाखालचा पाला झाडून काढला. तिच्या फाटकाची बिजागरी ठोकून दिली. म्हातारी खूश झाली, यांना वाटीभर ऑलिव्ह आणून द्यायची. कुठूनतरी हे पिशवी भरून घोड्याची लीद घेऊन आले, तेव्हा मी नाक धरून विचारलं की हे काय.

"साफसफाई. कोबीला घालतो. तिची रोपं पिवळी पडलीत, तणानं खाल्लीत."

मला बरं वाटलं. त्या आठवड्यात ते एकदाही 'चल घरी' म्हणाले नाहीत. वाळूला फोनसुद्धा धावता केला. माझ्या मनात आलं, लागलं एकदाचं चित्त. मी नदीवर जास्त वेळ बसू लागले.

त्या दुपारी चढ चढून परत येत होते. गल्लीच्या तोंडाशी धुराचा वास आला. पाल्याचा, शेणाचा, वर माती असलेला, कोंडलेला धूर. खोटं कशाला बोलू, मला आधी छान वाटलं. राब पेटला म्हणून पाय आपोआप भराभर पडायला लागले. दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं की आपण मुरबाडला नाही.

गल्लीत आगीचा बंब उभा होता. मागच्या दाराशी माणसं जमली होती. परसात कोबीच्या शेजारी एक वाफा, अगदी आपल्यासारखा बांध घातलेला, काळा आणि ओला होऊन पडला होता. शेजारचं बोरूचं कुंपण जळून नुसत्या तारा उरल्या होत्या. बंबातली माणसं पाणी मारत होती. हे भिंतीला टेकून उभे, भुवया करपलेल्या, आणि हातात लिंबाची एक डहाळी, तिची पानं होरपळलेली. इर्मेलिंदाबाई पायऱ्यांवर रिकामी बालदी धरून उभी होती. ती ओरडत नव्हती. तिचा जबडा हलत होता, आवाज येत नव्हता.

बंबाच्या माणसांनी फोनच्या बाईकडून विचारलं की हे का केलं. हे म्हणाले, "भाताच्या... नाय, कोबीच्या रोपासाठी." शहरात आग लावत नाहीत, पुन्हा असं झालं तर पोलिसांकडे जावं लागेल, असं बजावून ती माणसं गेली. मग इर्मेलिंदाबाईने माझा फोन हातात घेतला, त्यात काहीतरी बोलली आणि फोनमधली बाई थंडपणे म्हणाली, "रविवारपर्यंत घर सोडा."

वर आल्यावर मी दार लावलं आणि माझा तोल गेला.

"मुद्दाम केलंत ना? घरी जायचं व्हतं म्हणून. तोंडानं सांगून झालं, मी ऐकलं नाय, मंग आग लावली."

हे मोरीपाशी हात धूत होते. काळं पाणी जात होतं.

"घरी तर जायचं व्हतं," ते म्हणाले. "रोजच जायचं व्हतं. म्हनून तर इकडं केला."

"म्हणजे?"

"तिकडचा राब डोक्यातना जात नव्हता गो. बोल्लो, इकडंच एक वाफा भाजू. हाताला काम, नाकाला वास. जीव थाऱ्याला लागला असता माझा. मंग तुझे तीन महिने निघाले असते."

मी खुर्चीवर बसले. आठवडाभर मी ज्या शांतपणाचं कौतुक करत होते तो हा होता. पण राग उतरायला तयार नव्हता.

"आणि एकट्यानं पेटवलात? अख्खा जन्म राब भाजण्यात गेला आणि एकट्यानं? मला का नाय हाक मारली? मी उभी राहिले नसते डहाळी घेऊन?"

"तू नदीवर गेल्तीस," हे म्हणाले. "तुला कोनी हाक मारायची नाय, असं तूच बोल्लीस ना."

रडू आलं ते मी पदराने पुसलं आणि पिठलं टाकायला उठले, कारण दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू आणि घमेलं घेऊन परसात उतरले. राख चिखलासारखी झाली होती, ती भरायला लागले. थोड्या वेळाने इर्मेलिंदाबाई पायरीवर येऊन बसली. तिने हात पुढे केला तेव्हा मी तिला फोन दिला. ती खूप वेळ बोलली. मग फोन माझ्या कानाशी धरला.

तिचं माहेर दूर डोंगरात होतं. काही वर्षांपूर्वी तिथलं जंगल पेटलं आणि गाव जळलं. भावाचं घर गेलं, मेंढ्या गेल्या, भाऊ त्या धसक्याने पुढच्या हिवाळ्यात गेला. ती इथं लिस्बनमध्ये होती. इथल्या खुर्चीवर बसून टीव्हीवर बघत होती. तिला त्या आगीत आपल्या घराचं छप्पर ओळखू आलं, आणि हातात काही नव्हतं, बालदीसुद्धा नव्हती.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. मी फोनमध्ये म्हणाले, "आमच्याकडं आगीपाशी कोणीतरी उभं असतं. काल कोणी नव्हतं. त्यात माझीपण चूक आहे." फोनच्या बाईने ते कसं सांगितलं कोण जाणे. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या घमेल्याकडे. मग फोन घेऊन थोडकंच बोलली.

"तू राहा," फोनमधली बाई म्हणाली. "त्याने जावं. तो वर असला तर मला झोप येणार नाही."

मी ते वर जाऊन यांना सांगितलं तेव्हा वाटलं, हे चिडतील. हे पलंगावर बसून मोजे घालत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तिचं. तू राहा."

"मी एकटी राहू?"

"तुला एकटीलाच तर राहायचं व्हतं."

टोमणा नव्हता त्यात. मला वाटतं टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडायला तरी जमलं असतं. पंकजने फोनवर डोकं धरलं, पण तिकीट बदलून दिलं. मी विमानतळापर्यंत गेले. आत जाताना यांनी तीनदा सांगितलं की गॅसचं बटण बंद कर, आणि मागे न बघता भराभर चालत गेले, रुळावर चालल्यासारखे, नजर खाली.

मग मला हवं होतं ते सगळं मिळालं. सकाळी कोणी वेळ विचारत नव्हतं. चहा माझा, खिडकी माझी. मी दोन्ही वेळा भात खाल्ला तरी चपाती कुठंय असं विचारणारं कोणी नव्हतं. नदीवर बसावं तेवढं बसावं. पहिले काही दिवस मी खरंच मजेत होते, आणि तसं मी यांना फोनवर सांगितलंही.

"बरं झालं," ते म्हणायचे.

"राब पेटवला का?"

"नाय अजून."

पुढच्या फोनला पुन्हा विचारलं. नाय अजून. त्याच्या पुढच्या फोनला वाळूनेच फोन हिसकावून घेतला. "वयनी, तुमीच सांगा दादांना. गावातले समदे राब भाजून झाले. आमचाच टहाळ वाळून पडलाय. मी पेटवतो बोललो तर काडी काढून घेतात."

"का हो?" मी यांना विचारलं.

"तू आल्यावर," हे म्हणाले. "मे म्हैन्यापत्तुर थांबता येतंय. तुझे तीन म्हैने होऊ देत आरामात. मी थांबतो."

किती गोड बोलले. आणि माझा सगळा आराम त्या क्षणी संपला. त्या दिवसापासून बाकावर बसले की मला नदी दिसेना, वाळलेला टहाळ दिसायला लागला. वारा सुटला की मनात यायचं, तिकडं कुठून सुटला असेल. कोणी विडी टाकली तर? गुरांनी तुडवला तर? माझाच गुडघा हलायला लागला, मी हाताने दाबून धरायचे. हा माणूस हजारो मैलांवर बसून, तोंडातून चकार शब्द न काढता मला हाका मारत होता. समोर असता तर मी त्याला लाटण्याने मारलं असतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी जेवायला बसणार तेवढ्यात वाळूचा फोन आला. मुरबाडकडे ढग भरून आले होते. अवकाळी येतोय, भिजला तर यंदाचा राब गेला, आणि दादा नुसते बांधावर बसून आभाळाकडे बघतायत.

"त्यांना दाखव," मी म्हणाले. वाळूने फोन फिरवला. हे बसले होते, डोक्याला रुमाल, मागे काळं आभाळ.

"अवो, पेटवा."

"तू नाय ना गो."

"मी हाय. वाळू, हिरवी डहाळी घे एका हातात. दुसऱ्या हातात मला धर. आणि माझ्या जागेवर उभा राहा, बाभळीच्या कडेला. तिथं नाय, अजून खाली. हां."

हे उठले. मी त्यांना काडी ओढताना बघितलं. धूर आधी जमिनीला चिकटून आला, मग कडेला जाळाची जीभ दिसली. आग चालायला लागली, आपल्या चालीने, सावकाश. मी ताट बाजूला सारून खिडकीपाशी उभी होते. फोनमधून वाऱ्याचा घरघर आवाज यायला लागला.

"वारा फिरला," मी म्हणाले. "अवो, उजव्या हाताला बघा. वाळू, गवत हाय तुझ्या पायाशी, झोडप. झोडप, माझं तोंड फिरलं तरी चालंल." फोन हलला. आभाळ दिसलं, बांध दिसला, डहाळी आपटल्याचा आवाज आला. मी मुरबाडच्या शेतावर ओरडावं तशी लिस्बनच्या खिडकीत ओरडत होते.

मागे पावलं वाजली. इर्मेलिंदाबाई माझा आरडाओरडा ऐकून वर आली होती. तिने फोनमध्ये आग बघितली. मला वाटलं, झालं, आता ही खाली पडते नाहीतर मला हाकलते. मी फोन लपवायला गेले तेव्हा तिने माझं मनगट पकडलं आणि फोन पुन्हा समोर आणला. ती मनगट सोडेना. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. आग वाफ्याच्या मधोमध आली तेव्हा तिची बोटं आवळली. कडेला पुन्हा एक जीभ निघाली, यांनी ती बुटाने तुडवली, तिने श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. आगीपाशी दोन माणसं उभी आहेत, ती हलत नाहीत, हे ती बघत होती. मी तिला बोटाने दाखवलं, हा माझा माणूस, हा दीर, आणि जिथून आपण बघतोय ती माझी जागा.

आग पलीकडच्या बांधाला जाऊन बसली. हे चारी बाजूंनी फिरले, कडा पायाने दाबल्या, मग फोनपाशी येऊन करपट तोंडाने बघायला लागले. त्यांना माझ्या शेजारी म्हातारी दिसली. त्यांनी तिला हात जोडले.

इर्मेलिंदाबाईने मला खुणेने विचारलं, संपली? मी मान हलवली. तरी तिने थोडा वेळ राखेकडे बघितलं आणि मग माझं मनगट सोडलं.

"झाला गो," हे म्हणाले. "समदा नीट भाजला." मला वाटलं आत्ताच्या आत्ता पिशवी भरावी. तिकडे पहिले थेंब पडायला लागले होते, वाळूने फोन शर्टाखाली धरला. त्या अंधारातून यांनी विचारलं, "मंग, आता येतेस?"

मला जायचं होतं. ते मी त्यांना सांगितलंही.

"पन नाय येत," मी म्हणाले. "माझे दिवस हायेत अजून."

"बरं," हे म्हणाले, आणि मला माहीत आहे की ते हसले. "मंग मी चा पितो."

इर्मेलिंदाबाई खाली गेली. मी गार झालेला भात खाल्ला, ताट धुतलं, गॅसचं बटण बघितलं. चपला घालून उतार उतरायला लागले तेव्हा मनगटावर तिच्या बोटांचे वळ अजून लाल होते. नदीवर वारा होता, पण तो कुठून सुटलाय याच्याशी आता मला काही करायचं नव्हतं. मी बाकावर बसले आणि संध्याकाळ होईपर्यंत उठले नाही.